मोठ्या अक्षरांतला सरदार

एच — म्हणजे एच तरी कुठं, तो आता नुसता पिवळट गुळगुळीत चौकोन होता, जी आणि जेच्या मधे, किंचित खोलगट, खूप चावून झिजलेल्या दाढेसारखा. कीबोर्डवरची बाकी सगळी बटणं ठसठशीत. झेड तर कोरा करकरीत, त्याला जन्मात कुणी विचारलंच नसावं. मनतशानं एचवर बोट टेकवलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं… खोलगटपणात बोट असं बसलं की जणू आधीच्या सगळ्या बोटांनी मिळून तिच्यासाठी जागा करून ठेवली होती.

एच म्हणजे हाव. विद्यापीठातल्या अण्णाराव सरांनी 'सोयरिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा त्यांना यस-नो सुचलंच नाही. प्रोग्रॅम मधेमधे थांबायचा आणि विचारायचा — पुढं जायचं का? हाव / न्हाई — आणि देवणी-उदगीरकडचा जो कुणी समोर असेल तो एच नाहीतर एन दाबायचा. काम तेवढंच, पण मोठं: पैदास केंद्रातल्या वळूचं आणि दारात आलेल्या गाईचं रक्ताचं नातं किती जवळचं, ते मागच्या पिढ्या चाळून सांगायचं. फार जवळचं निघालं तर न्हाई. लांबचं असलं तर हाव, आणि मग चिठ्ठी छापून यायची. चिठ्ठीशिवाय वळू सुटत नाही, हा केंद्राचा नियम.

पुण्याहून तपासणीला आलेल्या बाईंनी यावर शेरा मारला होता — 'हाव या शब्दाचा अर्थ लोभ असा असून तो शासकीय प्रणालीत शोभत नाही.' केंद्रप्रमुख दयानंद साहेब घाबरून गेले होते. हाव काढा म्हणाले, होय टाका. केंद्राचा कॉम्प्युटर मनतशाच्या हातात; तिनं बरं म्हटलं आणि काहीच केलं नाही, कारण होयलाही एचच लागतो. तिच्या घरी, नांदेडच्या इतवाऱ्यात, हौ म्हणतात, त्यालाही एच. वळू सांभाळणारा शंकरप्पा कर्नाटकाच्या वेशीवरचा, तो हौदु म्हणतो… परत एच. सगळ्या जिल्ह्याचा होकार त्या एका बटणावर आदळत आला होता. नकाराची मात्र पंचाईत, कारण शंकरप्पाला न्हाई म्हणायचं असलं की तो इल्ला म्हणायचा, आय दाबायचा, आणि प्रोग्रॅम टुंक असा आवाज करून पुन्हा तोच प्रश्न विचारायचा.

खिडकीबाहेर पुतळी नावाची गाय हंबरली.

"आगं पोरी, उठलं का न्हाई तुझं मशीन?" गजांतून कस्तुराबाईंचा चेहरा आत आला, निम्मा पदरात. देवणीच्या पलीकडून त्या सकाळीच टेम्पो करून गाय घेऊन आल्या होत्या. "माझी पुतळी माजावर हाय, ती काय तुझ्या मशीनसाठी थांबून राहील व्हय? सांजच्याला उतरली की मंग तू आन मी फुगडी खेळत बसू."

"उठलंय मावशी. डोळे चोळतंय अजून."

"लई लाडाचं दिसून राहिलं. ह्ये बघ, मला सरदारच पायजे. दुसरा कोन चालनार न्हाई. एवढ्या लांबून दाखवायला आनली ती काय उगंच?"

दाखवायला. गाय वळूला दाखवायला आणतात, असंच म्हणतात इकडं, त्यात काही नाही… पण काल फोनवर अम्मी म्हणाली, "बुधवार कू देखने आरे लोगां. भोकर के हैं. मोहसीन नाम है लड़के का, दवाई की दुकान है. हौ बोलूँ?" आणि मनतशानं नेहमीप्रमाणं नक्को म्हटलं. विचार करून नाही म्हटलं असंही नाही. म्हणजे विचार सुरू केला — भोकरला जायचं म्हणजे उदगीरची खोली सोडायची, खोली सोडायची म्हणजे नोकरी सोडायची, नोकरी सोडायची म्हणजे नांदेडला परत, नांदेडला परत म्हणजे पुन्हा कुणीतरी बघायला येणार, ते भोकरचे नसतील तर कुठले, आणि तिकडं जायचं म्हणजे… असं गोल गोल फिरून डोकं भरलं की तोंडातून आपोआप नक्को निघतं. अम्मी मग मोठा श्वास सोडते. त्या श्वासाला नांदेड ते उदगीर रेंज मिळते.

सरदार गोठ्याच्या टोकाला उभा होता. पांढराशुभ्र, आणि गालाच्या दोन्ही बाजूंना काळा — वानेरा म्हणतात या रंगाला — आणि खांदा असा की बघणारा आधी गप्प व्हायचा. गेली कैक वर्षं हा केंद्राचा सगळ्यात देखणा वळू होता आणि ब्रह्मचारी होता. कुणीही गाय आणो, त्याच्यापुढं नाव टाकलं की सोयरिक म्हणायची, न्हाई. काळी गाय, पांढरी गाय, अहमदपूरची, निलंग्याची… न्हाई. कुणी का विचारलं नाही. यंत्र म्हणतंय म्हणजे असेल. सरदार पेंड खाऊन, अंघोळ करून, प्रदर्शनात पहिला नंबर मिळवून परत दावणीला येत राहिला, आणि शेवटी दयानंद साहेबांनी कागद केला: 'सदर वळू अनुत्पादक असल्याने विक्रीस काढण्यात यावा.' घेणारे आज दुपारी यायचे होते. त्याआधी एक चिठ्ठी निघाली, एक जरी, तर तो उत्पादक ठरत होता आणि राहत होता. नाही निघाली तर गाडीत चढत होता. बस एवढंच. 

आणि गंमत म्हणजे यंत्रच बदललेलं. जुना कॉम्प्युटर वीज जास्त येऊन जळाला, हार्डडिस्क तेवढी वाचली. धूर निघाला तेव्हा शंकरप्पानं आधी नमस्कार केला, साहेबांनी पूजा घातलीय असं वाटून. वरून नवा आला तो लिनक्सवाला, कीबोर्ड मात्र जुनाच. "सोयरिक विंडोजवरनं काढायची आन यावर टाकायची, कॉपी-पेस्टचं तर काम हाय, मनीषा मॅडम," असं साहेब म्हणाले. मनतशाला मनीषा म्हणण्याचं काम ते पहिल्या दिवसापासून मनापासून करत होते. हजेरीत मनीषा, पगारात मनीषा, दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावर मनीषा. तिनं दोनदा दुरुस्त केलं होतं. तिसऱ्यांदा तिला वाटलं, एवढ्या प्रेमानं कुणी चुकत असेल तर राहू दे.

पण कॉपी-पेस्ट म्हणजे घर बदलण्यासारखं — सामान सगळं येतं, फक्त काही म्हणता काही सापडत नाही. काल पहिल्यांदा सोयरिक नव्या मशीनवर धावली आणि तिनं सगळ्यांना हाव म्हटलं. सगळ्यांना. मनतशानं गंमत म्हणून बापापुढं लेक टाकली. हाव. आईपुढं लेक टाकला. हाव. मग सरदारपुढं सरदारलाच टाकला, आणि सोयरिक शांतपणे म्हणाली — नातं आढळलं नाही, पुढं जायचं का? ती एकटीच इतकी हसली की शंकरप्पा पाणी घेऊन आला. कारण मग कळलं: प्रत्येक जनावराची एकेक फाईल, फाईलचं नाव म्हणजे जनावराचं इंग्रजी अक्षरांतलं नाव, आणि टाईप करणाऱ्यांनी कुठं मोठी अक्षरं दाबलेली, कुठं लहान, कुठं कॅप्स लॉक अडकलेलं. विंडोजला त्याचं काही नाही, मोठं काय लहान काय, त्याच्या लेखी दोन्ही एकच. लिनक्सला मात्र लहान अक्षरातली गंगा वेगळी आणि मोठ्या अक्षरातली वेगळी. बापाचं नाव मोठ्यात लिहिलेलं, फाईल लहानात — की बाप सापडत नाही. एका रात्रीत सगळा गोठा अनाथ. आणि अनाथांमधे नातं कुठलं? सगळ्यांनाच हाव.

उपाय सोपा होता. तिनं सगळी नावं एका झटक्यात लहान अक्षरांत केली, फायली पण आणि आतली पण. सगळ्यांना आईबाप मिळाले. संध्याकाळी खोलीवर जाऊन तिनं एकटीनं भजी तळून खाल्ली होती.

आता तिनं वळूच्या जागी sardar लिहिलं, गाईच्या जागी putli. पुढं जायचं का? बोट खोलगटात बसलं. एच.

पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. सरदार. सरदारचा बाप गुलाब. गुलाबचा बाप सरदार. सरदारचा बाप गुलाब. गुलाबचा बाप सरदार. सरदारचा बाप… ती वाचत राहिली, आणि ओळी वर सरकत राहिल्या, कीर्तनात टाळकऱ्यांनी एकच चरण धरून ठेवावा तशा, आणि कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला.

नेमके दयानंद साहेब आत आले. दारातच थांबले. पडद्याकडं बघत, हळूहळू चष्मा वर करत.

"बापरे. ही सगळी त्याची वंशावळ का?"

"सर, ते—"

"एवढी तर आमच्या गावच्या पाटलाकडं पण न्हाई हो मॅडम. चालूच हाय, चालूच हाय." त्यांनी खिशातून मोबाईल काढला, फोटो काढला. मग गहिवर आवरून म्हणाले, "काय खानदानी जनावर इकून राहिलो आपण. पण इलाज न्हाई. कागद गेला वर. घेणारे जेवायला थांबलेत उदगीरला."

"सर, तो स्वतःचाच आजोबा होतोय."

"म्हंजे?"

"म्हणजे सरदारचा बाप गुलाब. गुलाबचा बाप सरदार."

साहेबांनी बोटं मोजल्यासारखी हलवली, दोनदा, आणि सोडून दिलं. "असंल. जुनी जात हाय," म्हणाले, आणि फोटो कुणाकुणाला पाठवत बाहेर गेले.

म्हणजे हे असं होतं तर. मनतशा खुर्चीत मागं रेलली आणि तिला आतून एकदम उजेड पडल्यासारखं झालं. सोयरिकमधली ती ओळ तिला पाठ होती, अण्णाराव सरांनी रोमन अक्षरांत मराठीतच लिहून ठेवलेली: जागा संपली की न्हाई म्हण. मागं मागं जाताना यंत्राचं डोकं भरलं तर उगीच अंदाज करू नये, सरळ नकार द्यावा — सोयरिकीचं शहाणपणच ते. जुन्या मशीनचं डोकं वाटाण्याएवढं. सरदार, गुलाब, सरदार, गुलाब… दोन-चार फेऱ्यांत भरायचं. न्हाई. आणि लोक म्हणायचे, जमत नसेल. नव्या मशीनचं डोकं मोठं, ते बिचारं प्रामाणिकपणे मोजतच सुटलेलं. बिचारा सरदार. इतकी वर्षं त्याच्यात काही खोट नव्हती, हिशोब गोल फिरत होता नुसता… आणि हे वाक्य मनात म्हणताना तिला अम्मीचा तो श्वास ऐकू आला. ती दचकली. फोन शांत होता.

तिनं अण्णाराव सरांना लावला. सर निवृत्तीनंतर कंधारला पोराच्या रसवंतीवर बसतात. पलीकडून आधी चरकाचे घुंगरू आले, मग सर.

"सर, मनतशा बोलतेय, केंद्रातून. सोयरिकवाली."

"हाव, बोल की. अजून जित्ती हाय का सोयरिक?"

"आहे सर. पण सरदार स्वतःचाच आजोबा होऊन राहिलाय."

"कोन आजोबा झालं? मंग पेढे वाट."

"सर, वळू. सरदार. त्याचा बाप गुलाब दाखवतंय, आणि गुलाबचा बाप परत सरदार."

"थांब जरा, चरक बंद करतो." घुंगरू थांबले. "हां. बरोबर हाय की मंग. गुलाबचा बाप सरदार. थोरला सरदार. तो गेला त्याच साली ह्यो नातू झाला, हुबेहूब तसाच काळा गाल. मंग नातवाला आजोबाचंच नाव ठिवनार का टॉमी ठिवू? तुमच्यात ठिवत न्हाईत का?"

"ठेवतात सर. पण मशीनला कसं कळायचं, कुठला कोण?"

"का न कळाया? थोरल्याचं नाव मोठ्या अक्षरात हाय, धाकट्याचं लहान अक्षरात." सर जरा दुखावल्यासारखे झाले. "थोरल्याला मान द्यायचा का न्हाई? माझ्या मशीनला कळायचं बा."

माझ्या मशीनला… मनतशानं डोळे मिटले. सरांचं मशीन म्हणजे विद्यापीठातलं ते कपाटाएवढं जुनं युनिक्स, लिनक्सच्या घराण्यातलंच, त्याला मोठं-लहान कळायचं. सर निवृत्त झाले, ते मशीन मोडीत गेलं, फायली विंडोजवर आल्या. आणि विंडोजला दोन्ही नावं एकच, तेव्हा त्या दिवशी नातू गुमान येऊन आजोबाच्या खुर्चीत बसला. आजोबा पुसला गेला. कुणाला पत्ता नाही. आणि काल, उरलीसुरली मोठी अक्षरं होती, तीही आपणच मोठ्या कौतुकानं लहान केली… आणि वर भजी खाल्ली.

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं.

"का हसून राहिली गं?"

"काही नाही सर. सोयरिक माहेरी आलीय."

"आं?"

"सर, थोरल्याची फाईल नव्यानं करते. त्याचा बाप कोण लिहू?"

पलीकडं कुणीतरी बर्फ फोडत होतं. "थोरला देवनीच्या बाजारातनं आनलेला. त्याचा बाप कुनाला म्हाईत. इकनाऱ्याला बी म्हाईत नसंल."

"मग काय लिहू?"

"काय लिहू नगं. तिथं रिकामं सोड." आणि मग, चरक पुन्हा सुरू करत, घुंगरांच्या वरून, "कुठंतरी रिकामं सोडावंच लागतंय पोरी. न्हाईतर ते मशीन काय थांबतंय व्हय?"

तिनं नवी फाईल केली. नाव दिलं SARDAR, आणि एकेक अक्षर मोठं दाबताना तिला कुणाच्या तरी पाया पडल्यासारखं वाटलं. बाप: काही नाही. आई: काही नाही. मग गुलाबच्या फाईलमधे जाऊन त्याच्या बापाचं नाव मोठं केलं. एवढीच दुरुस्ती. पुण्याच्या बाईंना सांगायला गेलं तर शेरासुद्धा मारता येणार नाही, इतकी छोटी.

"झालं का गं?" कस्तुराबाई पुन्हा गजांना. आता त्यांच्या मागं शंकरप्पा होता, आणि शंकरप्पाच्या मागं दयानंद साहेब, फोन कानाला, "हां हां, या की, जेवण झालं का," असं कुणाला तरी म्हणत.

"मावशी, बघा आता."

sardar. putli. ओळी उमटल्या. सरदार. बाप गुलाब. गुलाबचा बाप SARDAR — तो पडद्यावर असा आला की बाकी सगळे जरा सरकून बसल्यासारखे वाटले — आणि त्याच्यापुढं रिकामं. पंखा घोंघावला नाही. पुतळीकडच्या पिढ्या सरसर गेल्या आणि सोयरिक थांबली.

नातं लांबचं. सोयरिक जमते. पुढं जायचं का? हाव / न्हाई.

शंकरप्पानं हळूच, स्वतःशीच, "हौदु," म्हटलं.

"आता मावशी, तुम्हीच दाबा," मनतशा म्हणाली.

"मी कशाला? ज्याचं लगीन त्यो दाबंना." कस्तुराबाई गजांतून बोट दाखवत म्हणाल्या, "दाब तूच. ती पुसलेली हाय न, तीच का? बया, किती गायी झाल्या असतील हिच्यावर."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "दाबू नका, दाबू नका, आधी मला कळू द्या. म्हंजे ह्यो उत्पादक झाला का?"

"अजून नाही सर. चिठ्ठी निघाली की होईल."

"मंग ह्यांना काय सांगू? ते निघाले."

"सांगा, सरदार घरी नाही. सोयरिकीला गेलाय."

साहेबांनी खरंच तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. मनतशानं एच दाबला. प्रिंटरनं आधी खोकून घेतलं, मग चिठ्ठी दिली. खाली तपासणाऱ्याचं नाव छापून आलं होतं — मनीषा. तिनं ते पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, इंग्रजीत, सगळं मोठ्या अक्षरांत. MANTASHA. लिहून झाल्यावर थोडी लाज वाटली… पण खोडलं नाही.

मंडळी गोठ्याकडं निघाली. पुढं शंकरप्पा चिठ्ठी झेंड्यासारखी धरून, मागं कस्तुराबाई पुतळीच्या पाठीवर हात ठेवून तिला काहीतरी समजावत, आणि सगळ्यात मागं साहेब, "पण त्याला एवढ्या वर्षांनी जमंल का हो?" असं कुणालाच न विचारता विचारत. त्याला जमेल का, हे मनतशालाही माहीत नव्हतं. तो सोयरिकीचा प्रांत नव्हे. टोकाला सरदारनं मान वर केली होती आणि काळे गाल तिकडं वळवले होते, एवढं खिडकीतून दिसत होतं.

टेबलावर फोन थरथरला. अम्मी.

"मन्नू, वो लोगां फिर पूछरे. क्या बोलूँ? हौ के नक्को?"

तोंडात नक्को तयार होतं, नेहमीसारखं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं घासून गुळगुळीत झालेलं. भोकर म्हणजे खोली, खोली म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे नांदेड… ओळी वर सरकायला लागल्या आणि तिनं त्यांच्याकडं बघितलं, पडद्याकडं बघावं तसं, जरा लांबून. सरदार, गुलाब, सरदार, गुलाब. आणि मग कुठंतरी, पुढच्या एका जागी, तिनं काही लिहिलंच नाही.

"अम्मी," ती म्हणाली, "दवाई की दुकान में वो बैठता क्या करता दिनभर?"

पलीकडं श्वास सोडायच्या आधीच अडकला. "मेरे कू क्या मालूम. पूछूँ क्या?"

"पूछो ना." तिला आपलाच आवाज हलका वाटला, आणि त्यात हौ नव्हता आणि नक्कोही नव्हता, आणि तरी काही बंद पडलं नव्हतं, डोकं भरलं नव्हतं, पंखा घोंघावत नव्हता. "और सुनो, मेरा नाम बराबर बोलना उनकू. मनीषा नक्को बोलो."

"तेरे कू मनीषा कौन बोलता गे?"

बाहेर एकदम गलका झाला — कस्तुराबाई हसत होत्या का ओरडत होत्या ते इतक्या लांबून कळत नव्हतं, शंकरप्पा दोन भाषांत एकदम काहीतरी म्हणत होता — आणि मनतशा उठून खिडकीशी गेली नाही. ती तिथंच बसून राहिली, फोन कानाशी, दुसऱ्या हाताचं बोट त्या पुसलेल्या खोलगट बटणावर. दाबलं नाही. नुसतं टेकवलं. किती जागा आहे, असं तिला वाटलं… एवढ्याशा चौकोनात किती जागा आहे.